साखर यीस्टला, फूल पेल्याला

बिअरमध्ये माल्ट असतो, हॉप्स असतात. द्राक्षाच्या वाइनमध्ये रसाबरोबर साल आणि बी येते, वर ओकच्या पिंपाचा वासही चढतो. मीडमध्ये मात्र मध, पाणी आणि यीस्ट एवढेच. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर असते, तीही मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. यीस्ट ती काही आठवड्यांत खाऊन संपवते आणि तिचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड करते. गोडी गेल्यावर पेल्यात जे राहते ते फुलाचे देणे: वास, थोडी आम्लता, एखाद्या मधाचा तुरटपणा किंवा कडसरपणा. सपक मधाचे मीड सपकच होते. घरी मीड करणाऱ्याची निम्मी कारागिरी म्हणूनच मध निवडताना आणि विकत घेतानाच होऊन जाते.

या निवडीचे शास्त्र गेल्या काही दशकांत सर्वांत जास्त कसून हाताळले ते अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी. तिथला संघीय कायदा घरगुती वापरासाठी वाइन करू देतो. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, विकायची मात्र नाही. मीड याच सवलतीत बसते. मिशिगनचे केन श्रॅम यांचे ‘द कम्प्लीट मीडमेकर’ हे पुस्तक २००३ मध्ये आले आणि घरगुती मीडकरांचे पाठ्यपुस्तक झाले. श्रॅम यांनी पुढे स्वतःची मीडरी काढली. या वर्तुळात स्पर्धा होतात, तिथे स्पर्धकाला मध कोणत्या फुलाचा हे सांगता येते. एकदा सांगितले की परीक्षक पेल्यात ते फूल शोधतात.

फुलाफुलाच्या मधात केवढा फरक असतो ते अमेरिकेतल्याच उदाहरणांनी दिसते. ऑरेगन राज्याच्या विलामेट खोऱ्यात मेडोफोम नावाचे पांढऱ्या फुलांचे तेलबियांचे पीक घेतात. त्याच्या मधाला व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या मार्शमेलोचा वास असतो, आणि आंबवल्यावरही तो टिकतो. फ्लोरिडाच्या अपलाचिकोला नदीकाठी, दलदलीत उंच मचाणांवर मधपेट्या ठेवून ट्यूपेलोचा मध घेतात. त्यात फ्रुक्टोजचे प्रमाण इतके जास्त की तो वर्षानुवर्षे रवाळ होत नाही. संत्र्याच्या बहराचा मध नाजूक, फुलाच्या वासाचा. बकव्हीटचा, म्हणजे उत्तरेत उपासाला खातात त्या कुट्टूचा मध थेट काकवीच्या रंगाचा आणि उग्र. नवशिक्याला तो घाबरवतो. पण गडद मधात खनिजे आणि नत्र जास्त असतात, म्हणून यीस्ट त्यात जोमाने काम करते. हलक्या रंगाच्या मधात नत्र फारच कमी, त्यामुळे यीस्टला वरून पोषण द्यावे लागते. ते एकदम न देता पहिल्या काही दिवसांत थोडे थोडे देतात. नाही तर उपाशी यीस्ट गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास सोडते आणि महागाचा मध वाया जातो.

एकाच फुलाचा मध मिळतो तरी कसा, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला हमखास पडतो. माश्यांना कुंपण घालता येत नाही. पण कामकरी माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते, आणि परिसरात एखादा मोठा फुलोरा आला की वसाहतीचा सगळा जोर तिकडे वळतो. मधपाळाचे कसब वेळ साधण्यात आहे. फुलोरा सुरू होण्याआधी मधकोठीत रिकाम्या चौकटी द्यायच्या, आणि फुलोरा सरताच, दुसरा सुरू होण्याआधी, मेणाने बंद झालेल्या चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढून घ्यायचा. आठवडाभर उशीर झाला तरी मध मिश्र होतो. प्रयोगशाळेत मग परागकण मोजतात. एका वनस्पतीचे परागकण ४५ टक्क्यांवर असले की मध साधारणपणे एकपुष्पी मानतात. संत्र्यासारख्या काही फुलांना परागच कमी, त्यांना हा आकडा लावून चालत नाही. म्हणून अहवालाइतकाच मधपाळाचा शब्द मोलाचा असतो.

जाणता मीडकर मध घेताना भावाआधी चार गोष्टी विचारतो. पेट्या कुठे होत्या? मध कोणत्या महिन्यात काढला? किती तापवला? पाणी किती टक्के आहे? पॅकिंगच्या कारखान्यात मध ६० अंशांच्या पुढे तापवून बारीक गाळतात, म्हणजे तो बाटलीत लवकर रवाळ होत नाही आणि आंबत नाही. दुकानातल्या फळीसाठी ते सोयीचे, मीडसाठी घातक. फुलाचा वास ज्या उडून जाणाऱ्या द्रव्यांत असतो ती उष्णतेने निघून जातात. याच कारणाने आता बहुतेक मीडकर मधपाणी उकळत नाहीत. रवाळ मधाला त्यांची हरकत नसते. बरणी चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात ठेवली की तो पातळ होतो. मोहरीचा मध तर ग्लुकोज जास्त असल्याने थोड्याच दिवसांत तुपासारखा थिजतो, तो त्याचा स्वभाव आहे, भेसळीची खूण नव्हे.

पोलंडमध्ये मीडचे प्रकारच मध किती घातला यावरून ठरतात. एक भाग मधाला अर्धा भाग पाणी घातले तर पुव्तोराक, एकास एक तर द्वुयनियाक, एकास दोन तर त्रुयनियाक, एकास तीन तर च्वुर्नियाक. मध जितका जास्त, तितकी मुरण्याची मुदत लांब. च्वुर्नियाकला नऊ महिने, त्रुयनियाकला एक वर्ष, द्वुयनियाकला दोन वर्षे आणि पुव्तोराकला किमान तीन. युरोपीय संघाने २००८ मध्ये या चारही प्रकारांना पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण दिले. तीन वर्षे मुरवायचे असेल तर मधात कसर करून कसे चालेल?

भारतात मधाचा शोध सुरू होतो तोच संशयापासून. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासल्याचे जाहीर केले. सर्व चाचण्यांत उतरले ते फक्त तीन. भेसळ साखरेच्या पाकाची होती, आणि हे पाक नेहमीच्या चाचण्यांना चुकवतील असेच बनवलेले होते. खाणाऱ्याला अशी भेसळ जिभेवर ओळखणे जवळजवळ अशक्य. मीड मात्र ती उघडी पाडते. पाकाचाही मद्यार्क होतो, पण आंबवण संपल्यावर मागे काहीच राहत नाही, ना वास ना चव. म्हणून मीडसाठी मध घ्यायचा तो मधपाळाकडून किंवा त्यांच्या सहकारी संस्थेकडून, ज्याच्या पेट्या बघता येतील अशा माणसाकडून.

देशात फुलांची वाण नाही. मुझफ्फरपूरच्या लिचीचा मध हलका आणि सुगंधी. काश्मीर आणि रामबनच्या डोंगरातला सुलाईचा मध फिक्या रंगाचा. सुंदरबनात खलशीच्या बहराचा मध वाघाच्या जंगलात शिरून काढतात. केरळात रबराच्या मळ्यांतून भरपूर मध येतो, आणि तो फुलांचा नसतोच. रबराच्या पानांच्या देठाशी मकरंदाच्या ग्रंथी असतात, माश्या तिथून तो गोळा करतात.

पण मराठी माणसाने हा शोध घ्यावा तो महाबळेश्वरात. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे, राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय, या दोन्ही संस्थांनी सह्याद्रीतल्या मधाचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. महाबळेश्वरच्या एकपुष्पी मधांचे रासायनिक पृथक्करण आर. पी. फडके यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच छापले होते. जांभूळ, हिरडा, गेळा, व्हायटी, कारवी अशी तिथल्या मधांची नावे आहेत. जांभळाचा मध गडद, मागे किंचित कडसर चव ठेवणारा. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळा डोंगर निळा-जांभळा होतो, आणि तिचा दाट, गडद मध त्या एकाच मोसमात मिळतो. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. नंतर भुदरगड तालुक्यातले पाटगावही त्या वाटेने गेले.

या मधपेट्यांत असते ती सातेरी माशी, एपिस सेराना. पंजाब-हरियाणातल्या पेट्यांत जी युरोपीय मेलिफेरा असते तिच्यापेक्षा सातेरी लहान, आणि मधही कमी देते. वर्षाला एका पेटीमागे साधारण पाच ते दहा किलो. पाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या घरगुती मीडला बारा ते चौदा टक्के मद्यार्क हवा असेल तर पाच-सहा किलो मध लागतो. एका पेटीची वर्षाची मेहनत जवळजवळ त्यातच संपते. हा हिशेब डोक्यात असला की मधाचा भाव जड वाटत नाही.

सातेरीच्या मधाला बाजारात एक बोल लागतो: पाणी जास्त. घाटातली हवाच दमट, त्यामुळे पाण्याचा अंश पुष्कळदा वीस टक्क्यांच्या पुढे जातो, आणि अन्न सुरक्षेच्या मानकांत वीस ही कमाल मर्यादा आहे. असा मध बरणीत आंबू शकतो, म्हणून पॅकिंगवाले तो तापवून त्यातले पाणी कमी करतात, आणि त्या तापवण्यात वासही जातो. मीड करणाऱ्याला ही अडचण नाही. त्याला मधात पाणीच घालायचे असते. बावीस टक्के पाण्याचा ताजा, न तापवलेला जांभळाचा मध त्याला कोरड्या पण शिजवलेल्या मधापेक्षा कितीतरी चांगला. एवढेच करायचे की तो साठवून न ठेवता लगेच वापरायचा आणि गोडी मोजताना वजनावर न जाता हायड्रोमीटरवर जायचे. मधाच्या धंद्यात जो दोष ठरला, तो मीडच्या कामात दोष राहतच नाही, हे सह्याद्रीतल्या मधपाळांना कुणीतरी ठामपणे सांगायला हवे.

आग्या मोहोळाच्या मधाबाबत मात्र जपून राहावे. पोळे पिळून काढलेल्या मधात पराग, अंडी-अळ्यांचा रस, मेणाचे कण सगळेच उतरते. पराग यीस्टला पोषक असतो हे खरे, पण अळ्यांचा रस वास बिघडवतो. शिवाय पोळे मुळासकट कापले की वसाहतीचे नुकसान होते ते वेगळेच. कडेचा मधाचा भागच कापून बाकी पोळे ठेवणाऱ्यांकडून, निथळून घेतलेला मध असेल तरच तो घ्यावा.

महाराष्ट्रात घरी मीड करता येत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घरात, स्वतःपुरते असले तरी. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला गॅरेजमध्ये जे करता येते ते साताऱ्यातल्या माणसाला येत नाही. इथे हे काम परवाना घेतलेल्या मीडरींनी उचलले आहे. पुण्यात रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांची मूनशाइन मीडरी आहे. तिथली सफरचंदाची आणि कॉफीची हलकी, फसफसणारी मीडे तरुणांत चालली. नाशिकला डॉ. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी सेराना मीड्स काढली. सातेरीचे शास्त्रीय नावच त्यांनी आपल्या मीडरीला दिले, आणि जांभूळ, डाळिंब, द्राक्ष अशी जवळची फळे मधाच्या जोडीला घेतली.

फळे घातलेली मीडे रुचकर असतात आणि खपतात, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण सह्याद्रीच्या मधाची खरी परीक्षा व्हायची आहे ती काहीही न मिसळलेल्या मीडमध्ये. नुसत्या हिरड्याचे, नुसत्या जांभळाचे, आणि कारवी फुलेल त्या वर्षी नुसत्या कारवीचे मीड बाटलीत भरले जावे, त्यावर वर्ष घातलेले असावे, आणि ते दोन-तीन वर्षे मुरू द्यावे. पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबायची तयारी असलेल्या धंद्यालाच हे जमेल. पोलंडमध्ये ते चालते, मग इथे न चालायला काही कारण दिसत नाही.

त्यासाठी सुरुवात बरणीच्या लेबलापासून व्हावी. मधपाळांनी, त्यांच्या सहकारी संस्थांनी आणि खादी मंडळाने लेबलावर ‘शुद्ध मध’ एवढ्यावर न थांबता फुलाचे नाव, गावाचे नाव, काढणीचा महिना, माशीची जात आणि पाण्याचा टक्का छापावा. आणि मध मीडसाठी घ्या की पोळीबरोबर खायला, विकत घेणाऱ्यांनी या पाच गोष्टी दुकानात विचाराव्यात.