देणं आणि देणं लागणं

सोयाबीनची सोंगणी आटोपली की आमच्या मालेगावच्या शिवारात (नाशिकचं नव्हे हं, वाशीम जिल्ह्यातलं!) बायका-पोरं सरवा वेचायला निघतात. एखादा शेतमालक वेचू देतो, एखादा हाकलून लावतो. वेचू दिलं की आपण म्हणतो, मोठ्या मनाचा माणूस! ज्यू मुलांना मात्र लहानपणापासून वेगळंच शिकवतात. ते वाचनात आलं आणि मला माझीच एक चूक लख्ख दिसली.

आधी ती चूक सांगते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांकडून खाऊचे पैसे जमवून गरजू मुलांना वह्या द्यायची कल्पना माझीच. प्रार्थनेच्या वेळी नावं पुकारली, टाळ्या वाजल्या. माझ्या वर्गातली एक मुलगी मान खाली घालून वह्या घेऊन गेली. सुट्टीनंतर पाहते तर वह्या बाकाखाली, आणि पुढचे चार दिवस पोरीचा पत्ता नाही. घरी गेले, तर तिची आई म्हणाली, "मॅडम, वह्या पायजेच होत्या. पण साऱ्या शायेसमोर नाव कायले पुकारलं?" काय उत्तर देणार!

त्याच सुमारास बेने इस्राएल समाजाविषयी वाचत होते. हे आपले मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावंही गावांवरून : किहीमचे ते केहिमकर. याच हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. रिबेका रूबेन या विदुषी १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. १९४८ मध्ये इस्राएल देश झाल्यावर बरीच कुटुंबं तिकडे गेली. ज्यू मुलं कमी होत गेली, आणि शाळा आसपासच्या इतर समाजांतल्या मुलांनी भरली.

तर मुद्दा असा, की ज्यूंच्या हिब्रू भाषेत दानाला 'त्सदाका' म्हणतात, आणि हा शब्द न्याय या अर्थाच्या 'त्सेदेक'चा सख्खा भाऊ आहे. त्यांच्या धर्मग्रंथात शेतकऱ्याला आज्ञाच आहे : शेताचा कोपरा कापू नकोस, सांडलेलं उचलू नकोस. ते गरिबाचं, परक्याचं, विधवेचं, पोरक्याचं. म्हणजे सरवा वेचू देणारा मोठ्या मनाचा वगैरे काही नाही. जे त्याचं नव्हतंच, ते त्याने ठेवून घेतलं नाही, इतकंच!

घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याचाही विचार आहे. जेरुसलेमच्या जुन्या मंदिरात म्हणे एक खोली होती. देणारा गुपचूप ठेवून जाई, गरजू गुपचूप घेऊन जाई. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या वैद्य-पंडिताने तर दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सगळ्यांत वरची कोणती? समोरच्याला काम द्यावं, उसने पैसे द्यावेत, धंद्यात भागीदार करावं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही.

मुलांना हे नुसतं पाठ करायला लावत नाहीत. पुष्कळ घरांत शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावण्याआधी मुलं एका डब्यात नाणी टाकतात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या दृष्टीने जाणता. त्या वयात अमेरिकेतली कितीतरी ज्यू मुलं आपल्याच गावात सेवेचं एखादं काम अंगावर घेतात : गरजूंसाठी धान्याची पाकिटं भरायची, म्हाताऱ्यांना भेटायला जायचं. त्याला जो शब्द वापरतात, 'मित्स्वा', त्याचा मूळ अर्थ आज्ञा. वाटलं तर केलं, नाहीतर राहिलं, असं नाही.

हे वाचल्यावर मी घरात नजर फिरवली. कामवालीला दिवाळीत साडी देताना आपला चेहरा कसा फुललेला असतो! आणि तीच पोराच्या तापापायी दोन दिवस आली नाही, तर पगार कापताना? मी कापत होते. आता कापत नाही. साडी मात्र तिच्या पसंतीने घ्यायला तिलाच पैसे देते. (आमच्या 'ह्यां'चं म्हणणं, तू तिला डोक्यावर बसवणार. बसू दे.)

शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात बिनकुलपाचं एक कपाट ठेवलं. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने वही-पेन्सिल ठेवावी, ज्याला हवी त्याने घ्यावी. नावं लिहायची नाहीत. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झालीच : "फुकट म्हटल्यावर सगळेच नेतील!" पहिल्या आठवड्यात खरंच कपाट रिकामं झालं. माझा चेहरा पडला. पण मुलांनीच ठरवलं, एका वेळी एकच घ्यायची. मग बेत जमला. नव्या वह्यांबरोबर जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून केलेल्या वह्याही येऊ लागल्या.

ती मुलगी पाचव्या दिवशी वर्गात आली होती. कपाटातून काही घेते की ठेवते, मला ठाऊक नाही. मधल्या सुट्टीत मी त्या बाजूला पाठ करून बसते.