टँकरला हद्द असते का?

पिशोरच्या दवाखान्यात ऑक्सिजन सिलेंडर कमी पडले तर कन्नडहून मागवता येतात. जिल्हा एक, कलेक्टर एक. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये अख्ख्या महाराष्ट्रालाच ऑक्सिजन कमी पडला, तेव्हा काय?

१९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर मालगाडीवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. वाटेतल्या पुलांखालून जावेत म्हणून ३३२० मि.मी. उंचीचेच निवडले (मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी!). हे गणित सुटलं, कायद्याचं राहिलं. एखाद्या राज्याने आपल्या हद्दीतला ऑक्सिजन अडवून धरला तर? आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांचा. शेवटी २२ एप्रिलला केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली आदेश काढला : राज्याराज्यांत ऑक्सिजन अडवायचा नाही.

अमेरिकेतल्या राज्यांनी मात्र हे आधीच लिहून ठेवलंय. त्यांच्या करारावर १९९६ मध्ये तिथल्या काँग्रेसने शिक्कामोर्तब केलं. खर्च मदत मागणाऱ्या राज्याचा, पाहुण्या डॉक्टरचं लायसन्स तिथे चालणार, तो जखमी झाला तर भरपाई त्याच्या स्वतःच्या राज्याकडून.

मला हे जास्त पटतं. आदेशाने रस्ता मोकळा होतो, बिल कोणाच्या नावावर ते ठरत नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणाने साथ नसताना बसून असा कागद करायला काय हरकत आहे? सीमाप्रश्न त्याने सुटणार नाही, ते सोडा!