जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडण्याआधी बॅटरी आणि अर्थ तपासा



आपल्यापैकी बरेच जण धंद्यासाठी सेकंडहँड गाडी वापरतात. कोणी डबे पोचवतं, कोणी बेकरीचा माल आणतं, कोणी दुकानातली डिलिव्हरी करतं. आठ-दहा वर्षं जुनी गाडी घेण्यात काहीच चूक नाही. भांडवल कमी अडकतं आणि हप्त्याचं ओझं राहत नाही. प्रॉब्लेम कधी येतो? गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, डॅशबोर्डवर दोन-तीन दिवे लागतात, मध्येच गिअर पडत नाही आणि गॅरेजवाला म्हणतो, "गिअरबॉक्सचं काम निघालंय, मोठा खर्च आहे."

इथेच थांबायचं. माझं म्हणणं एवढंच आहे: रीडिंग घेतल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, आणि रीडिंगची सुरुवात बॅटरीपासून करायची. हे तपासायला तुम्ही मेकॅनिक असायची गरज नाही. काहीशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि वीस मिनिटं पुरतात.

बॅटरीचा आणि गिअरचा संबंध काय?

साध्या मॅन्युअल गाडीत क्लच तुमचा पाय दाबतो आणि गिअर तुमचा हात टाकतो. तिथे बॅटरी कमजोर असली तरी गिअर पडतो. पण २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्या सुरू झाल्या आणि आज सेकंडहँड बाजारात त्या भरपूर मिळतात. एएमटी म्हणजे आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच प्लेटही तीच. फक्त पायाचं आणि हाताचं काम अ‍ॅक्ट्युएटर करतो.

बऱ्याच एएमटीमध्ये हा अ‍ॅक्ट्युएटर तेलाच्या दाबावर चालतो. दाब तयार करायला छोटा इलेक्ट्रिक पंप असतो आणि तेल इकडून तिकडे सोडायला सोलेनॉइड असतात. हे सगळं एक कंट्रोलर चालवतो. आता बघा, पंपाला करंट बॅटरीतून, सोलेनॉइडला बॅटरीतून, कंट्रोलरलाही बॅटरीतून. व्होल्टेज पडलं की पंप दाब धरत नाही, कंट्रोलरला सेन्सरचे आकडे चुकीचे दिसतात, आणि तो सुरक्षिततेसाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. तुम्हाला वाटतं गिअरबॉक्स गेला. खरं तर गिअरबॉक्सला खायलाच मिळालेलं नसतं.

पायरी १: बॅटरी आणि अल्टरनेटर

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. तीन वेळा रीडिंग घ्या आणि वहीत लिहा.

- गाडी रात्रभर बंद असताना: १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, बाकीचं नंतर बघू.
- सेल्फ मारताना: दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. आकडा थोडा पडणारच. पण भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्यायचा.
- इंजिन चालू असताना: साधारण १३.८ ते १४.५ हवं. १३ च्या आतच राहत असेल तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, आणि तो बॅटरीबरोबर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्सही खराब करू शकतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अजूनही काही ठिकाणी इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढतात आणि "गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला" असं सांगतात. हे तुमच्या गाडीवर करू देऊ नका. बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेजचा झटका बसतो आणि त्यात ईसीयू उडू शकतो. मीटरवर दोन सेकंदांत जे कळतं, त्यासाठी एवढी रिस्क कशाला?

पायरी २: अर्थ, म्हणजे परतीची वाट

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच. करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो, काम करतो आणि बॉडी व इंजिनमधून मायनसला परत येतो. ही परतीची वाट म्हणजे अर्थच्या जाड वायरी: एक बॅटरीपासून बॉडीला, एक इंजिन किंवा गिअरबॉक्सला. कोकणात खारी हवा, इतर ठिकाणी पावसाळ्यातला चिखल, त्यामुळे नटखाली गंज धरतो. वरून वायर धडधाकट दिसते, आतून वाट अरुंद झालेली असते.

तपासायचं कसं? मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ, उघड्या धातूवर धरा. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. अर्धा किंवा एक व्होल्ट दाखवत असेल तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खर्च होतंय. असंच रीडिंग प्लसकडून सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत घेता येतं. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण देतो. त्यांचा डब्यांचा व्यवसाय आहे आणि जुनी एएमटी हॅचबॅक आहे. सकाळी सेल्फ जड फिरायचा, दिवसा सिग्नलला गाडी आपोआप न्यूट्रलला जायची. एका गॅरेजने अ‍ॅक्ट्युएटर बदलायला सांगितला. खर्च पन्नास हजारांच्या घरात, म्हणजे त्यांचं नवीन किचनच्या डिपॉझिटसाठी साठवलेलं सगळं गेलं असतं. त्यांनी दुसऱ्या वायरमनकडून रीडिंग घेतलं. अल्टरनेटरपाशी १४.२, बॅटरीवर मात्र १३.१. सेल्फ मारताना इंजिन आणि मायनसमध्ये ०.९ व्होल्ट. इंजिनची अर्थ वायर नटापाशी सडली होती. नवीन वायर टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने घासली, आणि दोन्ही तक्रारी गेल्या. खर्च हजाराच्या आत.

दर वेळी असंच निघेल असं मी म्हणत नाही. कधी अ‍ॅक्ट्युएटर खरंच गेलेला असतो. पण आधी स्वस्तातलं कारण बाद करायचं, मग महागाकडे जायचं. धंद्यात आपण हेच करतो ना?

पायरी ३: बॅटरी रात्रीतून उतरते का?

बॅटरी नवीन, चार्जिंग बरोबर, तरीही दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घेत नाही. मग कुठेतरी करंट झिरपतोय. गाडी बंद करून दारं लावा, कंट्रोलर झोपी जायला अर्धा तास द्या. बॅटरीची मायनस वायर काढून तिथे मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मध्ये जोडा. या वेळी सेल्फ अजिबात मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. मायनस काढण्याआधी म्युझिक सिस्टीमचा कोड लागतो का तेही बघून ठेवा.

साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. समजा अर्धा अँपिअर दाखवतोय. २४ तासांत १२ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. शनिवारी रात्री आठला लावलेली गाडी मंगळवारी सकाळी आठला काढायची म्हटली तर ३० अँपिअर-अवर गेलेले. बॅटरी बदलून हा रोग जात नाही.

एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या लाइनवर चोर आहे. बहुतेक वेळा आधीच्या मालकाने बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, जादा लाइट किंवा डिकीचा दिवा निघतो. उंदराने कुरतडलेली वायरही बघा. आणि फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायचा नाही. निळ्या १५ च्या जागी हिरवा ३० टाकला तर फ्यूज वाचेल, वायर जळेल.

पायरी ४: कोड वाचा, पण कोडवर पार्ट घेऊ नका

२०१३ नंतरच्या गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडी-२ चा सॉकेट असतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मोबाइलला जोडला की कोड दिसतात. पी ०५६२ म्हणजे सिस्टीमचं व्होल्टेज कमी. पी ०७०० म्हणजे ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवलीय, सविस्तर त्याच्याकडे वाचा. म्हणजे पी ०७०० हा आजार नाही, रिसेप्शनवरची चिठ्ठी आहे. आतली माहिती वाचायला त्या कंपनीचा स्कॅनर लागतो.

पी ०७०० बरोबर पी ०५६२ पण असेल, तर आधी पायरी १ आणि २. कोडचा फोटो काढा, दुरुस्ती करा, कोड पुसा आणि गाडी दोन दिवस चालवा. परत आला तरच पुढे.

एएमटीत आणखी एक स्वस्त संशयित म्हणजे ब्रेक पेडलचा स्विच. ब्रेक दाबल्याची खूण मिळाली नाही तर बऱ्याच गाड्या सुरूच होत नाहीत किंवा न्यूट्रलमधून गिअर घेत नाहीत. मागच्या ब्रेक लाइट लागतात का बघा. उत्तर लगेच मिळेल.

पायरी ५: आता खरंच गिअर आणि क्लच

वीज ठीक निघाली, मग यंत्राकडे वळा. मॅन्युअल गाडीत लक्षणंच बरंच सांगतात:

- इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू असताना अडतात: क्लच पूर्ण सुटत नाही. केबल किंवा क्लचचं तेल आधी बघा.
- वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही: क्लच प्लेट घसरतेय.
- एकाच गिअरला खरखर: त्या गिअरचा सिंक्रो.
- न्यूट्रलमध्ये आवाज, क्लच दाबला की बंद: गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. उलट, क्लच दाबला की आवाज सुरू: रिलीज बेअरिंग.
- पूर्ण वळणावर कट-कट: गिअरबॉक्स नाही, अ‍ॅक्सलचा जॉइंट.

एएमटीमध्ये क्लच प्लेट तीच असल्यामुळे ती झिजतेच. घाटात किंवा पुलाच्या चढावर गाडी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर रोखून धरली तर लवकर झिजते. ड्रायव्हरला हे जरूर सांगा. नवीन प्लेट टाकल्यावर स्कॅनरने क्लचचं लर्निंग करावं लागतं. ते न केल्यामुळे येणारे झटके हा नवीन बिघाड समजू नका. अ‍ॅक्ट्युएटरचं तेल कमी असेल तर गळती शोधा, नुसतं टॉप-अप नको. दाबाखालच्या पाइपला घरी हात लावू नका. आणि एएमटी गाडी धक्का मारून सुरू करायच्या फंदात पडू नका.

तुमची गाडी सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरची असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल टाका. दोघांची तेलं वेगळी असतात.

गॅरेजला विचारायचे तीन प्रश्न

१. हा पार्ट गेलाय हे कोणत्या रीडिंगवरून किंवा कोडवरून ठरवलं?
२. बॅटरी, चार्जिंग आणि अर्थ तपासले का? आकडे किती आले?
३. पार्ट बदलून तक्रार राहिली तर पुढे काय? जुना पार्ट मला परत मिळेल का?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. जो आकडे सांगतो त्याला दोनशे रुपये जास्त द्या, पण त्याच्याकडेच जा.

आणि गाडीची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, लक्षण, रीडिंग, काय केलं, किती खर्च. गाडी एक दिवस उभी राहिली तर किती कमाई बुडते तेही लिहा. सहा महिन्यांनी ती वही उघडली की गाडी ठेवायची की विकायची, हे कोणालाही न विचारता ठरवता येईल.

या आठवड्यात फक्त पायरी १ आणि २ करा. गाडी नीट चालत असेल तरी करा. चांगल्या दिवसाचे आकडे लिहिलेले असले, तर बिघाडाच्या दिवशी फरक लगेच सापडतो.