युनिटच्या भावात वीज किती?

द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलला गाडी चार्जिंगला लावली की युनिटचा भाव बघून माणूस चक्रावतो. वीज तीच, मग घरच्यापेक्षा इतकी महाग का? हिशेब मांडायला बसलं की थक्क व्हायला होतं, कारण त्या भावात विजेखेरीज बरंच काही दडलेलं असतं.

साठ किलोवॉटचा चार्जर अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालला तर १,४४० युनिट वीज देईल. दिवसात दोनच तास चालला तर १२०. पण ट्रान्सफॉर्मर, जागेचं भाडं, यंत्राच्या कर्जाचा हप्ता यांना गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, फरक पडत नाही. समजा हा खर्च रोजचा २,४०० रुपये आहे. १२० युनिट खपले तर प्रत्येक युनिटवर २० रुपये चढतात. ४८० खपले तर पाचच. मंगल कार्यालयवाला वर्षभराचा खर्च मोजक्या मुहूर्तांवर वसूल करतो, तसंच हे. म्हणजे गाड्या कमी म्हणून भाव चढा, आणि भाव चढा म्हणून गाड्या कमी! ही गाठ सैल व्हावी म्हणूनच केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सार्वजनिक चार्जिंगसाठी स्थिर आकार नसलेला, एकेरी वीजदर सुचवला. जेवढी वीज, तेवढंच बिल. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

करातही एक चमत्कार आहे. नुसत्या विजेवर जीएसटी नाही. तीच वीज चार्जरमधून गाडीत गेली की ती ‘सेवा’ होते आणि १८ टक्के जीएसटी लागतो.

त्याहून नवल घड्याळाचं. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त मानत. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते उलटं आहे: सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंग केंद्राला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने, इतर वेळी १.३ पट. जवळजवळ दुपटीचा फरक, तोही केवळ उन्हामुळे.

आणि वेळ हीसुद्धा विकायची वस्तू आहे. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःला जपण्यासाठी वीज हळूहळू घेते. चार्जर अडलेला, युनिट मात्र जेमतेम सरकतात, आणि मागे रांग. टेस्लाने डिसेंबर २०१६ मध्ये चार्जिंग संपल्यावरही जागा अडवणाऱ्या गाड्यांना मिनिटागणिक आकार लावला, तो याच कारणाने. अशा आकाराचा हेतू कमाईचा कमी, जागा मोकळी करण्याचा जास्त असतो.

तेव्हा पुढचा टप्पा बेताचा असेल तर ८० टक्क्यांना गन काढा आणि गाडी बाजूला घ्या. मागच्याचा अर्ध्या तासाचा खोळंबा टळेल, आणि त्याच चार्जरवर दिवसाला आणखी गाड्या बसतील.