पिकअपच्या पोटातले तेल



मागील वर्षाचा हिशेब वाचून काही मंडळींनी विचारले की डिझेलचा खर्च समजतो, पण त्याखाली ‘गिअर ऑइल व मजुरी’ अशी वेगळी ओळ कशासाठी? एका मावशींनी तर स्पष्टच विचारले, “इंजिनचे ऑइल बदलता ना? मग हे आणखी कोणते?” प्रश्न रास्त आहे. आपण पोटाला चिमटा घेऊन दिलेला पैसा कुठे जातो हे आपल्याला कळलेच पाहिजे, म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे.

सातपुड्यात आपले काम अक्कलकुवा-मोलगीच्या डोंगरात, भिल्ल व पावरा बांधवांमध्ये चालते. पाडे विखुरलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी आजही आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्या रस्त्यावर गाडी उभी असणे एवढेच आपल्या हातात असते. आपली गाडी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप आहे आणि ती जुनी, वापरलेली घेतलेली आहे. आधीच्या मालकाने कोणते ऑइल कधी बदलले याची नोंद जुन्या गाडीसोबत क्वचितच मिळते. म्हणून अशी गाडी ताब्यात आली की सगळी ऑइले एकदा बदलून टाकायची आणि तिथून नवी नोंद सुरू करायची, हा शहाणपणाचा नियम आहे.

इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोहोचते ती दातेरी चाकांच्या पेट्यांमधून. साध्या पिकअपमध्ये गिअरबॉक्स आणि मागचे डिफरेन्शियल अशा दोन पेट्या असतात. फोर-व्हीलमध्ये आणखी दोन असतात: ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस आणि पुढचे डिफरेन्शियल. प्रत्येक पेटीत गाडीप्रमाणे साधारण एक ते तीन लिटर ऑइल असते. इंजिनचे ऑइल कमी झाले तर समोर लाल दिवा लागतो. या पेट्यांसाठी मात्र बहुधा दिवाही नसतो आणि काटाही नसतो. घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, तेव्हा आतले दाते झिजलेले असतात.

आपल्याकडे मोठा शत्रू म्हणजे नाल्याचे पाणी. घाट चढून तापलेली पेटी थंड पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आक्रसते आणि बाहेरचे आत ओढते. पेटीला हवा खेळण्यासाठी ब्रीदर असतो. तो पाण्याखाली गेला तर त्यातून पाणी शिरते आणि चिखलाने बुजला असेल तर जुन्या ऑइल सीलमधून शिरते. म्हणून ब्रीदरला रबरी नळी लावून ती उंच नेऊन ठेवावी. पाणी मिसळलेले ऑइल दुधाळ चहासारखे दिसते. असे दिसले तर किलोमीटर मोजत बसू नये, लगेच बदलावे. एरवी गाडीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर पाळावे, पण चिखलपाण्यातल्या गाडीने त्याच्या आधीच बदलावे. आम्ही मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, चारही पेट्या उघडतो आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा तपासतो.

काम असे चालते. गाडी थोडी फिरवून आणायची म्हणजे ऑइल कोमट होऊन नीट वाहते. सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचे नाही. मग आधी वरचा, ऑइल भरण्याचा नट उघडायचा, नंतर खालचा. क्रम महत्त्वाचा आहे. खालून ऑइल काढून टाकले आणि वरचा गंजलेला नट निघालाच नाही, तर गाडी कोरडी पडते आणि जागची हलवता येत नाही. खालच्या नटाला पुष्कळदा चुंबक असतो. त्यावर करडा, मऊ लेप दिसला तर काळजी नको, ती रोजची झीज. धातूचे तुकडे दिसले तर मात्र पेटी मिस्त्रीला दाखवायची. नट पुसून, नवा वायसर घालून बसवायचा, पण जोर लावून आवळायचा नाही, आटे जातात. मग वरच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल येऊन ओघळू लागेपर्यंत भरायचे. त्याहून जास्त भरले तर ते सीलमधून बाहेर येते आणि मागच्या ब्रेकवर उतरू शकते.

ऑइल कोणते, हे दुकानदाराला नव्हे, पुस्तिकेला विचारावे. डिफरेन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचे लागते, तर अनेक गिअरबॉक्सना जीएल-४. जीएल-५ मधली काही रसायने गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. काही ट्रान्सफर केसना तर पातळ एटीएफ लागते. कॅन सारखे दिसतात म्हणून आतले सारखे नसते.

निघालेले जळके ऑइल पाड्यावरचे लोक लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून मागतात. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. पावसात ते मातीत आणि ओढ्यात उतरते आणि त्याच ओढ्याचे पाणी लेकरे पितात. २०१६च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ते कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यायचे.

केंद्रातील दोन पावरा तरुण हे काम आता शिकले आहेत. वहीत तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा दर्जा तेच लिहितात. पुढे मजुरीची ओळ लहान होईल, ऑइलची मात्र राहील. ती काटली तर वाचेल थोडे, पण क्राउन-पिनियन गेले की त्याच्या अनेक पट खर्च आणि ऐन पावसात गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजात.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते जनावर त्या दिवशी चालू शकले, कारण आधी कोणीतरी त्याला चारापाणी केले होते. त्या चाऱ्याचा उल्लेख दाखल्यात नाही. आपल्या हिशेबात तो ‘गिअर ऑइल’ या नावाने आला आहे, एवढेच.

येत्या पावसाळ्यासाठी आमच्या चालकदादांची आणि झोळी खांद्यावर घेऊन उतरणाऱ्या बांधवांची आठवण प्रार्थनेत ठेवा. आणि आपल्या मंडळीत कोणी निवृत्त मिस्त्री असतील, तर त्यांना मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे पाठवा. भाकरी, भाजी आणि शिकायला उत्सुक असलेली दोन मुले त्यांची वाट पाहतील.