दुभाष्याला दमवू नका

वारणानगरातील आमच्या एका विद्यार्थ्याने पायथॉन भाषेत एक आज्ञावली लिहिली. ती सुरू करून आम्ही चहा घेऊन आलो, तरी उत्तर नाही! तो म्हणाला, "सर, संगणक जुना झाला. नवा घ्यायला हवा." मी म्हटले, "आधी तुझी रीत तपासू."

त्याचा प्रश्न मोठा गमतीचा होता. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी 'स्वयंभू संख्या' शोधल्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ + ५ मिळवले की २१ येतात. म्हणजे १५ ही २१ ची जनक संख्या. पण २० ला असा जनक सापडत नाही, म्हणून २० स्वयंभू. १०० च्या आत अशा १३ संख्या आहेत. आमच्या विद्यार्थ्याला १०,००० पर्यंतच्या हव्या होत्या.

त्याची रीत अशी: प्रत्येक संख्येसाठी तिच्याहून लहान सर्व संख्या एकेक करून तपासायच्या. अशा तपासण्या होतात सुमारे ५ कोटी!

आता थोडा विचार करा. चार अंकी संख्येच्या अंकांची बेरीज फार तर ३६. मग जनक ३६ पेक्षा अधिक मागे असणारच नाही. एवढे ध्यानात घेतले की तपासण्या ३ लाख ६० हजारांच्या आत येतात.

याहून सोपी युक्ती म्हणजे प्रश्नच उलटा करणे. जनक शोधू नका. प्रत्येक संख्येपासून कोणती संख्या जन्मते ते काढा आणि तिच्यावर खूण करा. शेवटी ज्यांच्यावर खूण नाही, त्या स्वयंभू. १०१ वर दोनदा खूण होईल (९१ आणि १०० हे दोन्ही तिचे जनक), पण त्याने बिघडत नाही. काम उरले फक्त १०,००० बेरजांचे!

खुणा ठेवायच्या कशा, हेही महत्त्वाचे. सभासदांची नावे आली तशी वहीत लिहिली, तर ४,३१२ क्रमांकाचा ऊस-उत्पादक शोधायला पहिल्या पानापासून चाळावे लागते. क्रमांकवार खतावणीत आपण नेमके तेच पान उघडतो. वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे नेण्याची योजना १९९८ मध्ये सुरू झाली. तेथील उसाच्या नोंदींनाही हाच नियम लागू. पायथॉनमधील 'लिस्ट' म्हणजे चाळायची वही, तर 'सेट' म्हणजे खतावणी. 'ही संख्या आहे का?' असे वारंवार विचारायचे असेल तर सेट वापरा.

पण पायथॉन मुळात सावकाश का? १९९१ मध्ये गिदो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेल्या या भाषेत एक 'दुभाष्या' आपल्या आज्ञा एकेक करून यंत्राकडून करवून घेतो. साध्या बेरजेआधीही तो दर वेळी पाहतो, की हे पूर्णांक आहेत, दशांश आहेत की अक्षरे? सी भाषेत हा निवाडा भाषांतर होतानाच, एकदाच होतो. म्हणून लांबलचक बेरीज स्वतः फेरे घालून करण्याऐवजी पायथॉनचे तयार 'सम' वापरावे. ते आतून सी भाषेत लिहिलेले असते. फेऱ्याच्या आत न बदलणारी किंमत फेऱ्याबाहेर एकदाच काढून ठेवावी.

मात्र सुधारणेआधी वेळ मोजा. कोणता भाग सावकाश आहे हे अंदाजाने ठरवणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे. आणि नवे उत्तर जुन्याशी ताडून पाहा. चुकीचे उत्तर कितीही लवकर आले तरी काय कामाचे?

आमच्या विद्यार्थ्याने रीत बदलली. त्याच जुन्या संगणकावर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर आले!

आता तुम्ही १ लाखापर्यंत जा. संख्या दहापट होतील. पहिल्या रीतीत काम शंभरपट, म्हणजे सुमारे ५०० कोटी तपासण्यांवर जाईल. शेवटच्या रीतीत ते दहापटच वाढेल. शाळेला नवे यंत्र मिळेल तेव्हा मिळो, नवी रीत शोधायला तर कागद-पेन्सिलही पुरते. कापरेकरांजवळ तरी दुसरे काय होते?