मुतखड्याचा हिशेब

गिरगावातली चाळ असो की लालबागचा नवा टॉवर, मुतखड्याचं निदान झालं की दोन दिवसांत कुळथाच्या कढणाचा सल्ला घरपोच येतो. कोकणातून आलेल्या घरांत तो आजीकडून येतो, इतरांकडे शेजारच्या वहिनींकडून. पाठोपाठ पानफुटीची पानं, पाषाणभेद, आणि पुरुषमंडळींकडून जरा दबक्या आवाजात बिअर. प्रत्येक सल्ल्याला पुरावाही जोडलेला असतो : अमक्याचा खडा यानेच पडला. खडा पडलेला असतो, त्यात खोटं काही नाही. मूत्रवाहिनीत अडकलेला 5 मिलिमीटरपर्यंतचा खडा शंभरातल्या 68 जणांचा आपोआप पडतो, 5 ते 10 मिलिमीटरचा 47 जणांचा. अमेरिका आणि युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2007 साली अनेक अभ्यास एकत्र करून हे आकडे काढले. तेव्हा ज्यांनी कढण घेतलं त्यांचा पडला हे सांगून भागत नाही. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यापैकी कितीजणांचा पडला, हेही सांगावं लागतं. आजीला हसायची मात्र घाई करू नये. खडा लवकर पडावा म्हणून टॅमसुलोसिन नावाची गोळी जगभरचे डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून देत होते. 2015 साली ब्रिटनमध्ये अकराशेहून अधिक रुग्णांवर तिची नीट परीक्षा झाली. गोळी घेणाऱ्यांतल्या 81 टक्क्यांना आणि बिनऔषधाची खोटी गोळी घेणाऱ्यांतल्या 80 टक्क्यांना चार आठवड्यांत पुढच्या कुठल्याही उपचाराची गरज पडली नाही. थोड्या मोठ्या खड्यांना तिचा उपयोग होतो की नाही यावर अजून वाद आहे, पण सरसकट लिहून दिलेली ती गोळी डॉक्टरांचं कढणच ठरली.

नीट मोजल्यावर काय दिसतं, हाच प्रश्न दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला विचारायला हवा, असं या लेखाचं म्हणणं आहे. आणि तो विचारण्याची सर्वांत योग्य जागा परळ आहे. शस्त्रक्रिया उपयोगी आहेत की नाहीत, हा वाद मात्र इथे नाही. पोट किंवा कूस चिरून खडा काढायचा, आठ-दहा दिवस खाटेवर पडायचं आणि महिने दोन महिने कामावर जायचं नाही, हा काळ फार जुना झालेला नाही. 1976 साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून किडनीपर्यंत बारीक वाट करून खडा काढला. तीच आजची पीसीएनएल. फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकला क्रिस्तियान शॉसी यांनी शरीराबाहेरून धक्कालहरी सोडून खडा फोडला. ते यंत्र बनवणारी डॉर्निए ही मुळात विमानं बांधणारी कंपनी. अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळून पत्र्याला खड्डे का पडतात याचा शोध घेताना त्यांना या लहरी सापडल्या. त्याच सुमारास मूत्रमार्गातून वर जाणाऱ्या दुर्बिणी आल्या, नंतर त्या लवचिक झाल्या, नव्वदच्या दशकात होल्मियम लेझर आलं. मोठी चीर जवळपास गेली. हा लाभ निर्विवाद आहे आणि त्याच्या प्रभावाखालीच पुढचा घोटाळा झाला : चीर लहान झाली म्हणजे निकाल चांगला लागला, असं आपण धरून चाललो.

‘खडा पूर्ण निघाला’ या वाक्याचा अर्थ ते कशाच्या आधाराने म्हटलं त्यावर ठरतो. शस्त्रक्रिया संपताना दुर्बिणीतून काही दिसत नाही म्हणून म्हटलं, दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेवर म्हटलं, महिन्याने केलेल्या सोनोग्राफीवर म्हटलं की तीन महिन्यांच्या सिटी स्कॅनवर, त्याप्रमाणे एकाच शल्यविशारदाचं यश कमी-जास्त होतं. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेवर दिसतच नाही. तिथे कोरी फिल्म म्हणजे कोरी किडनी नव्हे. सोनोग्राफीत बारीक तुकडे निसटतात. शिवाय 4 मिलिमीटरपर्यंतच्या उरलेल्या तुकड्यांना बिनमहत्त्वाचे म्हणून यशात धरण्याची पद्धत बराच काळ चालत आली. ते तुकडे खरंच बिनमहत्त्वाचे असतात का, हे पाहायला उत्तर अमेरिकेतल्या काही केंद्रांनी लवचिक दुर्बिणीच्या उपचारानंतर तुकडे उरलेल्या 232 रुग्णांचा माग ठेवला. 2016 साली त्यांनी सांगितलं की 56 टक्के लोकांना काही त्रास झाला नाही, पण 29 टक्क्यांना पुन्हा उपचार करावा लागला. घर झाडून केर सोफ्याखाली सारला तर पाहुण्याला दिसत नाही, राहणाऱ्याला मात्र कधीतरी भेटतोच.

चीर लहान म्हणजे निकाल चांगला, ही समजूत पीसीएनएलच्या बाबतीत तर फारच उघड दिसते. पूर्वीची वाट साधारण 10 मिलिमीटर रुंद असे. ती निम्मी झाली, मग तिसऱ्या हिश्शावर आली, आणि 2011 साली गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयातल्या महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या सुईतून खडा फोडून दाखवला. ही आपल्या शेजारी घडलेली आणि जगाने दखल घेतलेली गोष्ट आहे. पण वाट जितकी अरुंद, तितका खडा अधिक बारीक कुटावा लागतो, आणि तुकडे उचलून काढण्याऐवजी भुकटी लघवीवाटे जाईल यावर भरवसा ठेवावा लागतो. आत सोडलेलं पाणी अरुंद वाटेने नीट बाहेर पडलं नाही तर किडनीतला दाब वाढतो, आणि खड्यात दडलेले जंतू रक्तात शिरून थंडी-ताप येतो. रक्तस्राव कमी आणि तापाची जोखीम वेगळी, असा हा व्यवहार आहे. जाहिरातीत मात्र भोकाची रुंदी सांगतात, कारण ती रुग्णाच्या नातेवाइकाला दिसते. खरी स्थिती कळायची तर मोठी नोंद लागते. 26 देशांतल्या 96 केंद्रांनी 2007 ते 2009 या काळात 5803 पीसीएनएल शस्त्रक्रियांची एकत्र नोंद केली. त्यात खडामुक्त झाले सुमारे 76 टक्के, ताप आला दहा टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना, रक्त चढवावं लागलं जवळपास सहा टक्क्यांना. ‘शंभर टक्के खात्रीचं ऑपरेशन’ अशी पाटी वाचताना हे आकडे लक्षात असलेले बरे.

खड्याच्या शस्त्रक्रियेत खात्री देऊ नये, हे भान आपल्याकडे नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीचा अध्याय आहे. शस्त्रक्रिया केली नाही तर मृत्यू नक्की आणि केली तर यश संशयाचं, म्हणून राजाला विचारूनच शस्त्र हाती घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. इतकं प्रांजळ संमतिपत्र आजही विरळा. आणि परळला तर मोजणीची परंपराच आहे. हाफकिन यांनी 1897 मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात आपण तयार केलेली प्लेगची लस टोचलेले आणि न टोचलेले कैदी यांची तुलना केली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. 1926 साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयातून आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून 1955 पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघतं. आणि इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली सुरू केलेली बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री ही देशातली पहिली लोकसंख्यानिहाय कर्करोग नोंद. तिचे कार्यकर्ते शहरभरच्या रुग्णालयांत जाऊन केस पेपर उतरवून घेत आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदींशी ताडून पाहत. संगणक नव्हते, फोन मोजक्या घरांत होते, तेव्हाची ही गोष्ट. कर्करोग जीवघेणा म्हणून तो मोजला आणि मुतखडा जीव घेत नाही म्हणून राहून गेला, असं असेल. पण अडलेल्या खड्याने किडनी हळूहळू निकामी होते आणि डायलिसिसच्या रांगेत माणूस उभा राहतो, तेव्हा त्याला हा फरक पटायचा नाही.

तेव्हा परळच्या रुग्णालयांनी खड्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचा निकाल तीन महिन्यांनी तपासावा, नोंदवावा आणि छापावा. यावर पहिला आक्षेप असा येईल की आपले रुग्ण परत येतच नाहीत. डिस्चार्ज मिळाला की रुग्ण गावाला जातो, मोबाइलचा नंबर बदलतो, मग तीन महिन्यांनी कुणाला तपासायचं? अडचण खरी आहे, पण ती ओलांडल्याचं उदाहरण परळमध्येच आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची परीक्षा घेतली. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी एका गटात दर दोन वर्षांनी तपासणीच्या चार फेऱ्या केल्या आणि 2013 साली जाहीर झालेल्या निकालात तपासणी झालेल्या गटातले या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी दिसले. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावर टीका झाली आणि ती विचारात घेण्याजोगी होती. परंतु वस्तीतला माणूस बारा वर्षं सापडत राहतो, एवढं त्यातून नक्की सिद्ध झालं. त्यापुढे खडा काढलेल्या माणसाला तीन महिन्यांनी एक फोन करणं ही काही मोठी मोहीम नव्हे. जे सापडणार नाहीत त्यांचा आकडाही छापावा. हरवलेल्या रुग्णांना गपचूप यशात धरणं हाच यातला सर्वांत मोठा गोंधळ आहे.

दुसरा आक्षेप शल्यविशारदांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. महापालिकेच्या रुग्णालयात येणारा रुग्ण उशिरा येतो. खडा किडनीभर फांद्या फुटलेला असतो, लघवीत जंतू असतात, कधी दुसरी किडनी आधीच गेलेली असते. सोपे खडे खासगीत जातात. नुसती टक्केवारी लावली तर केईएम किंवा नायर मागे पडतील आणि ज्यांनी अवघड रुग्ण नाकारले ते पुढे दिसतील. म्हणूनच टक्केवारीच्या शेजारी खड्याची अवघडता लिहायची असते. लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2011 साली त्यासाठी चार पायऱ्यांची साधी श्रेणी दिली : एकटा सोपा खडा पहिल्या पायरीवर, पूर्ण फांद्यांचा चौथ्या. गुंतागुंतीसाठीही 2004 पासून क्लाव्हियन-डिंडो यांची पायरी जगभर वापरतात. तिच्यात साध्या तापाच्या गोळीपासून मृत्यूपर्यंत सगळं बसतं. चौथ्या पायरीचा खडा काढून 60 टक्के यश मिळवणारा विभाग पहिल्या पायरीवर 90 टक्के मिळवणाऱ्यापेक्षा सरस असू शकतो. नोंद नसेल तर हे कुणालाच दाखवता येणार नाही, आणि नुकसान होईल ते अवघड रुग्ण हाती घेणाऱ्याचंच. सगळ्यांचं सिटी स्कॅन परवडणार नाही, किरणोत्सर्गही नको, हेही मान्य; मग सर्वांची सोनोग्राफी आणि एक्स-रे करा, पण ठरलेल्या दिवशी करा आणि कशावर पाहिलं ते लिहा. एकच फूटपट्टी असली तर ती थोडी आखूड असून चालते.

परदेशात एवढे अभ्यास झालेत, तेच का वापरू नयेत, असंही कुणी विचारेल. वापरावेतच. पण ब्रिटनमधला एक अभ्यास घ्या. मूत्रवाहिनीच्या खड्यासाठी सहाशेहून अधिक रुग्णांत धक्कालहरी आणि दुर्बीण यांची तुलना झाली. सहा महिन्यांत पुन्हा उपचार लागले ते धक्कालहरींच्या गटात सुमारे 22 टक्क्यांना, दुर्बिणीच्या गटात 10 टक्क्यांना. तरीही धक्कालहरी बऱ्याच स्वस्त पडतात, म्हणून आधी त्या देऊन पाहाव्यात, असं त्यातून निघालं. तिथल्या सरकारी तिजोरीसाठी ते योग्य असेल. लालबागहून रोजंदारीवर जाणाऱ्याला मात्र दुसरी, तिसरी बैठक म्हणजे तितके खाडे. उलट भूल नको, भरती नको, हा धक्कालहरींचा फायदा त्यालाच अधिक मोलाचा. कोणतं पारडं जड, हे ब्रिटनच्या आकड्यांतून कळत नाही. गेलेले दिवस, बुडालेली मजुरी, पुन्हा मारलेल्या खेपा ही इथली मोजमापं आहेत आणि ती इथेच घ्यायला हवीत.

आणि निकाल तरी कधी मोजायचा? पुढच्या पाच-दहा वर्षांत निम्म्या लोकांना खडा पुन्हा होतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना तो पुन्हा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांपैकी 27 टक्क्यांना. सर्वांत स्वस्त उपचार पाण्याचा, पण या शहरात तोही सोपा नाही. गिरण्यांच्या विणखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत, कामगार पाळीभर घामाने निथळत असे. गिरण्या गेल्या, आज त्याच रस्त्यांवर उन्हात पार्सल पोचवणारी मुलं आहेत, टॅक्सीवाले आहेत, आणि मुतारी नाही म्हणून दिवसभर घोटभरच पाणी पिणाऱ्या मासळी-भाजीवाल्या बायका आहेत. 2011 पासून मुंबईत स्त्रियांनी ‘राइट टू पी’ची चळवळ चालवली, तिचा किडनीशी असलेला हा संबंध मूत्ररोग विभागाने नोंदवून ठेवावा असा आहे.

या मोजणीची सुरुवात सर्वांत सोप्या गोष्टीपासून करता येईल. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवतात. ती साधारणपणे काही आठवड्यांत आणि फार तर काही महिन्यांत काढायची असते. बहुतेकांना तिने जळजळ होते, कुशीत कळ येते, पण काहींना काहीच जाणवत नाही, आणि तेच ती विसरतात. नळी घातल्याची तारीख, काढायची तारीख, रुग्णाचा आणि घरातल्या आणखी एकाचा फोन, एवढ्याची वही प्रत्येक विभागात लागते. तारीख उलटली की नर्सने फोन लावायचा. वर्षाअखेर किती नळ्या घातल्या, किती वेळेवर निघाल्या आणि किती राहिल्या, हे तीन आकडे भिंतीवर लावता येतील. राहिलेल्या नळीवर महिन्यामहिन्याने क्षार बसतात, तिच्या दोन्ही टोकांना नवे खडे धरतात, आणि मग ज्या खड्यासाठी ती घातली होती त्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया ती काढायला करावी लागते.